ट्रॅक्टरच्या इंजिनांतील पाणी व त्यांत घालावयाचीं औषधें

इंजिन थंड ठेवणारें औषध म्हणून लहान लहान बाटल्या अलीकडे तालुक्याच्या गांवीं सुट्या भागांच्या दुकानांतून विकावयास मांडलेल्या दिसतात. रेडिएटरांत एक बाटली ओतावी, म्हणजे इंजिनाचा पारा दहा-पंधरा अंशांनीं खालीं येतो, असें विक्रेते सांगतात. वैशाखांत नांगरटीच्या वेळीं तापमापकाचा कांटा लाल पट्ट्याकडे सरकूं लागला, कीं शेतकरी घाबरा होतो आणि हातचें काम टाकून बाटली आणावयास धांवतो. हीं औषधें खरोखर काय करितात, कोणतें काम त्यांच्या हातून होण्यासारखें नाहीं, आणि ज्याला आपण सरसकट कूलंट म्हणतों त्याचा व या बाटल्यांचा संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. आम्ही कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. परंतु निवृत्तीनंतर घरची शेती व घरचा ट्रॅक्टर पाहूं लागल्यापासून मिस्त्रीच्या शेजारीं बसून व ट्रॅक्टराबरोबर आलेलें माहितीपुस्तक वाचून जें समजलें, तें शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल अशी उमेद आहे. हें माहितीपुस्तक बहुतेकांच्या घरीं कागदपत्रांच्या पेटींत सातबाऱ्याच्या उताऱ्याखालीं पडलेलें असतें, हें जातां जातां सांगितलेलें बरें.

प्रथम उष्णतेचा जमाखर्च पाहूं. डिझेल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिच्यापैकीं सुमारें एकतृतीयांश, फार तर त्याहून थोडी अधिक, प्रत्यक्ष कामास लागते. तितकीच धुराबरोबर नळींतून बाहेर जाते. आणि पाव ते एकतृतीयांश हिस्सा सिलिंडरच्या भिंतींतून भोंवतालच्या पाण्यांत उतरतो. पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भारी कामावर तासास सहा लिटर डिझेल खातो असें धरलें, तर पाण्यांत उतरणारी ही उष्णता तासाभरांत वीस-बावीस लिटर थंड पाण्याची वाफ करून टाकण्याइतकी होते. एवढी उष्णता दर तासास रेडिएटरांतून वाऱ्यावर सोडून द्यावयाची असते. ती सुटली नाहीं, तर सिलिंडरचें हेड वांकडें होतें, गॅस्केट जळतें, पिस्टन लायनरला धरून बसतो, आणि मृग लागावयाच्या वेळीं ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारांत उभा राहतो. कर्जाचा हप्ता मात्र उभा राहत नाहीं.

विहिरीवरील जुन्या मंद गतीच्या ऑइल इंजिनास ही अडचण फारशी नव्हती. पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्सचा कारखाना १९४६ सालीं निघाला, व पुढें तशीं इंजिनें आपल्याकडे गांवोगांव झालीं. विहिरींतून उपसलेल्या पाण्याचीच एक बारीक धार इंजिनांतून फिरवून पाटांत सोडीत; नवें थंड पाणी सतत येई आणि तापलेलें पाणी उंसास जाई. ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. तेंच दहा-बारा लिटर पाणी दिवसभर इंजिनांतून रेडिएटरांत व रेडिएटरांतून इंजिनांत फिरत राहतें, म्हणून त्या पाण्याचा गुण कसा आहे याला महत्त्व येतें. कांहीं इंजिनें पाण्यावांचून, नुसत्या वाऱ्यानें थंड होतात. १९५९ सालीं फरीदाबादेस निघालेला पहिला देशी बनावटीचा आयशर ट्रॅक्टर अशाच इंजिनाचा होता. तसल्या इंजिनाच्या मालकास पुढील मजकुराचें कारण नाहीं.

आतां एक गोष्ट ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. उष्णता वाहून नेण्याच्या कामीं साध्या शुद्ध पाण्यासारखा दुसरा स्वस्त द्रव नाहीं. कूलंट म्हणून जें विकत मिळतें त्याचा मुख्य घटक एथिलीन ग्लायकोल हा आहे. निम्में ग्लायकोल व निम्में पाणी असें मिश्रण केलें, तर त्याची उष्णता सांठविण्याची शक्ति वजनास वजन धरून निव्वळ पाण्यापेक्षां दहा ते पंधरा टक्क्यांनीं कमी भरते, व उष्णता एका कणाकडून दुसऱ्याकडे पोंचविण्याची शक्ति तर सुमारें एकतृतीयांशानें घटते. म्हणजे नांवाप्रमाणें पाहतां जें थंड करणारें, तें पाण्याहून थोडें कमीच थंड करितें. मग तें घालावयाचें कशासाठीं?

ग्लायकोलचा जन्म थंडीच्या मुलखांतील गरजेंतून झालेला आहे. वुर्ट्झ नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८५६ च्या सुमारास तें प्रथम तयार केलें, आणि मोटारींच्या रेडिएटरांत घालण्यासाठीं अमेरिकेंत तें १९२७ पासून बाजारांत आलें. तिकडे हिवाळ्यांत पाणी गोठून फुगतें व इंजिनाचा ब्लॉक फोडतें. निम्म्यास निम्में मिश्रण केल्यास तें शून्याखालीं सुमारें ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं. विमानांत त्याचा उपयोग दुसऱ्या कारणानें झाला. निव्वळ ग्लायकोल १९७ अंशांस उकळतें, म्हणून दुसऱ्या महायुद्धांतील स्पिटफायर विमानांच्या इंजिनांत आरंभीं तेंच भरीत असत. पुढें अनुभवांतीं ३० भाग ग्लायकोल व ७० भाग पाणी असें मिश्रण दाबाखालीं ठेवून वापरूं लागले. या फरकांतच वर सांगितलेलें मर्म आहे. पाणी पुष्कळ, ग्लायकोल बेताचें, व झांकण दाब धरणारें, ही जोडी इंजिनास मानवली.

आपल्याकडे पाणी गोठण्याची धास्ती नाहीं. तरीही कूलंट घालावयाचें तें दोन कारणांसाठीं. त्यानें उकळबिंदु वर जातो, हें एक. आणि त्यांत गंज व झीज रोखणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात, हें दुसरें. या दोहोंत आमच्या मतें दुसरें कारण पुष्कळ मोठें आहे.

उकळबिंदूविषयीं थोडें सांगतों. उघड्या भांड्यांत पाणी समुद्रकांठीं १०० अंशांस उकळतें. पुण्यास ९८ अंशांच्या सुमारास, व घाटमाथ्यावर आणखी थोडें खालीं. निम्म्यास निम्में मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळतें, म्हणजे लाभ सातच अंशांचा. परंतु रेडिएटरचें झांकण हें नुसतें झांकण नसून दाबाची झडप आहे. ज्यावर ०.९ असा आंकडा असतो तें वातावरणाच्या जोडीला जवळजवळ तितकाच आणखी दाब आंत धरतें, आणि त्या दाबाखालीं साधें पाणीही सुमारें ११८ अंशांपर्यंत उकळत नाहीं. याचा अर्थ असा कीं, सात अंश औषधानें मिळतात आणि अठरा अंश झांकणाच्या रबरी चकतीनें मिळतात. ही चकती कडक होऊन फाटली असतां तिकडे कोणी पाहत नाहीं, आणि बाटल्यांमागून बाटल्या ओतल्या जातात. झांकण सैल झालें म्हणून त्याखालीं सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालणारेही आम्हीं पाहिले आहेत. त्यानें झडपेचें काम बंद पडून रेडिएटर फुटण्याचा संभव असतो.

आतां मुख्य विषयाकडे, म्हणजे लहान बाटल्यांकडे वळूं. यांत बहुधा पाण्याचा ताण कमी करणारें द्रव्य असतें. पाण्याचा थेंब तेलकट ताटावर गोळी होऊन बसतो, व साबण लावतांच पसरतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. इंजिनाच्या हेडमध्यें, जळण्याच्या जागेच्या अगदीं पाठीशीं, धातु इतका तापलेला असतो कीं भोंवतालचें पाणी एकंदरींत ९० अंशांवर असलें तरी त्या एका जागीं तें उकळून बारीक बुडबुडे धरतात. बुडबुडा धातूस चिकटून राहिला, तर त्या जागीं पाण्याऐवजीं वाफ येते, आणि वाफ उष्णता नेण्याच्या कामीं अगदींच दुबळी. पाण्याचा ताण कमी केला म्हणजे बुडबुडे लहान राहतात, लवकर सुटतात, व पाणी पुन्हां धातूस भिडतें. कल्पना शास्त्रास धरून आहे यांत शंका नाहीं. शर्यतीच्या मोटारींस तिचा उपयोग होतो, कारण अनेक शर्यतींच्या मार्गांवर ग्लायकोल वापरण्यास मनाई असते. तें सांडलें तर रस्ता निसरडा होतो. तेथें साधें पाणी भरून त्यांत गंज रोखणारें व ताण कमी करणारें औषध घालतात. बाटलीवर जे अंश उतरल्याचे आंकडे छापलेले असतात, ते पुष्कळदां अशा निव्वळ पाण्यावरील प्रयोगांचे असतात. पाण्यांत ग्लायकोल अगोदरच असेल, तर फरक त्याहून बराच कमी पडतो. आणि ही गोष्ट बाटलीवर असलीच तर बारीक अक्षरांत असते.

परंतु ट्रॅक्टरच्या बाबतींत याहून मोठी एक अडचण आहे. उष्णतेचा प्रवास तीन टप्प्यांचा: धातूपासून पाण्यांत, पाण्यापासून रेडिएटरच्या नळींत, व नळीच्या पत्र्यांपासून हवेंत. यांपैकीं शेवटचा टप्पा सर्वांत अवघड, कारण हवा ही उष्णता घेण्यास फार नाखूष. वरच्या दोन टप्प्यांवर कितीही सुधारणा केली, तरी शेवटच्या नाक्यावर गर्दी तुंबलेली असल्यास लाभ काय? सोयाबीन, तूर किंवा गहू यांच्या मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर मळणीयंत्राजवळ उभा असतो, भुसा उडत असतो, पंखा तो भुसा ओढून रेडिएटरच्या पत्र्यांत दडपीत असतो. डिझेल वा तेल गळत असेल तर त्यावर तो भुसा शेणासारखा लिंपून बसतो. अशा रेडिएटरामागील पाण्यांत जगांतील उत्तमांतलें उत्तम औषध घातलें तरी कांटा उतरणार नाहीं. हवेच्या दाबानें, इंजिनाच्या बाजूनें पुढल्या बाजूस, म्हणजे भुसा ज्या वाटेनें आंत शिरला त्याच्या उलट, पत्रे झाडावेत. पाण्याचा फवारा मारावयाचा असेल तर इंजिन निवल्यावर व बेताच्या जोरानें. गाड्या धुण्याच्या यंत्राची धार जवळून मारली तर पातळ पत्रे आडवे होतात, व मग हवा कायमचीच बंद.

आमच्या परिचयाचे एक बागायतदार आहेत. गाळपाच्या हंगामांत त्यांचा ट्रॅक्टर उंसाच्या दोन ट्रॉल्या ओढी. चढावर कांटा लाल पट्ट्यांत जाऊं लागला, तेव्हां दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनीं एक बाटली घातली. पहिले चार दिवस थोडा गुण आला असें त्यांस वाटलें. त्याच सुमारास थंडीही पडली होती हें त्यांनीं हिशेबांत धरलें नाहीं. पंधरा दिवसांनीं भर रस्त्यांत गॅस्केट गेलें. हेड उतरविलें तेव्हां पाण्याच्या वाटा पांढऱ्या क्षारानें अर्ध्याअधिक भरून आलेल्या होत्या. कित्येक ठिकाणीं थर भाकरीच्या पापुद्र्याहून जाड होता. सहा वर्षें त्या ट्रॅक्टरास बोअरचें पाणी घातलें जात होतें. हेडास पीळ पडलेला, दुरुस्तीस तीन आठवडे लागले, आणि तेवढ्यांत त्यांच्या वाहतुकीची पाळी दुसऱ्यास गेली. बाटलीनें त्यांचें नुकसान केलें असें आम्ही म्हणत नाहीं. बाटलीनें त्यांस खरें कारण शोधण्यापासून पंधरा दिवस परावृत्त केलें, एवढेंच.

हा क्षार म्हणजे काय तें आपल्या स्त्रियांस विचारावें. पाणी तापविण्याच्या बंबाच्या किंवा विजेच्या कांडीच्या अंगावर जो पांढरा खरखरीत थर धरतो, तोच हा. काळ्या दगडाच्या मुलखांतील विहिरीचें व विशेषतः खोल बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. त्यांतील चुन्याचे क्षार तापल्या धातूवर, म्हणजे जेथें थंडाव्याची गरज सर्वांत अधिक तेथेंच, प्रथम बसतात. असा थर बिडापेक्षां वीस-तीस पटींनीं उष्णतेस अडवितो. दीड मिलिमीटर थर बसला म्हणजे बिडाची भिंत दीड-दोन इंचांनीं जाड केल्यासारखें झालें! गंमत अशी कीं, तापमापक पाण्याची उष्णता दाखवितो, धातूची नाहीं. थरामुळें धातूची उष्णता पाण्यांत उतरतच नाहीं. तेव्हां कांटा कित्येकदां बरा दिसतो आणि आंत हेड भाजत असतें.

म्हणून रेडिएटरांत कोणतें पाणी घालावें, हा प्रश्न कोणतें औषध घालावें याहून महत्त्वाचा आहे. बॅटरींत घालावयाचें क्षाररहित पाणी उत्तम. दहा-बारा लिटरांस त्याचा खर्च एका गॅस्केटाच्या तुलनेंत कांहींच नाहीं. तें न मिळाल्यास स्वच्छ पत्र्यावरून, पहिल्या दोन-तीन पावसांनीं पत्रा धुऊन निघाल्यावर धरलेलें पावसाचें पाणी फडक्यानें गाळून ठेवावें. पाणी उकळून निववून घेतल्यास जडपणाचा एक भाग खालीं बसतो, सर्व जात नाहीं. तुरटीनें गढूळपणा जातो, जडपणा मुळींच जात नाहीं. घरोघरीं पाणी शुद्ध करण्याचीं जीं यंत्रें आलीं आहेत त्यांच्या दुसऱ्या नळीनें टाकाऊ म्हणून जें पाणी बाहेर पडतें, तें काटकसर म्हणून रेडिएटरांत ओतूं नये. त्यांत क्षार मूळच्यापेक्षांही दाट झालेले असतात.

आतां ज्या औषधांस आम्ही खरोखर औषध म्हणूं, त्यांच्याकडे येऊं. डिझेल इंजिनांतील पुष्कळ लायनर ओले असतात, म्हणजे त्यांच्या बाहेरील अंगास थेट पाणी लागलेलें असतें. दर स्फोटासरशीं पिस्टन लायनरच्या भिंतीवर आदळतो, आणि टोल दिलेल्या घंटेसारखा लायनर थरथरतो. मिनिटास दोन हजार फेरे होत असतां ही थरथर किती वेगाची असेल याची कल्पना करावी. भिंत पाण्यापासून झटकन् मागें सरते, पाणी तितक्या त्वरेनें तिच्यामागें जाऊं शकत नाहीं, व मधल्या पोकळींत वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात. भिंत परत येतांच ते फुटतात. एकेका बुडबुड्याचा आघात लहान, पण तो सुईच्या टोंकाएवढ्या जागेवर व पुन्हां पुन्हां होतो. धातूवरील संरक्षक पापुद्रा उडतो, उघड्या जागेस गंज धरतो, तो गंज पुढच्या आघातानें उडतो, आणि अशा रीतीनें लायनरास बाहेरून टोंचे पडत पडत एक दिवस आरपार भोंक पडतें. मग पाणी तेलांत उतरतें व तेल दुधाळ चहासारखें दिसूं लागतें. लायनर काढून पाहिला असतां एका बाजूस उभ्या ओळींत देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. मिस्त्री त्यास लोखंड हलकें होतें असें म्हणतो. पुष्कळदां लोखंड चांगलें असतें. पाणी उघडें होतें.

यावर नायट्राइट, मॉलिब्डेट इत्यादि द्रव्यांचा उपयोग होतो. तीं लायनरच्या अंगावर अत्यंत पातळ पण चिवट पापुद्रा धरतात, व तो उडाला तरी लगेच पुन्हां धरतात. या कामांत तीं खर्च होत जातात, म्हणून त्यांची भर घालावी लागते. परदेशांत मोठ्या ट्रकांच्या व यंत्रांच्या मालकांत कागदाची पट्टी पाण्यांत बुडवून तिच्या रंगावरून हें प्रमाण पाहण्याची वहिवाट जुनी आहे. कांहीं नव्या कूलंटांत याऐवजीं सेंद्रिय अम्लांचे क्षार असतात. ते सावकाश खर्च होतात व अधिक वर्षें टिकतात. कोणतें वापरावें हें ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकावरून ठरवावें, रंगावरून ठरवूं नये. हिरवा, तांबडा, निळा हे रंग कारखानदारांनीं ओळखीसाठीं घातलेले असतात; दोन कारखान्यांचा हिरवा एकच असतो असा नियम नाहीं. निरनिराळ्या जाती एकत्र केल्यास एकीचा गुण दुसरी मारते, व कधीं कधीं चिकट गाळ होऊन नळ्या बंद होतात. डब्यावर भारतीय मानक ५७५९ चा उल्लेख आहे कीं नाहीं तेंही पाहून घ्यावें.

येथें अधिक घातलें म्हणजे अधिक गुण, हा खताच्या बाबतींतही चुकीचा असलेला हिशेब तर फारच घातक आहे. रक्षक द्रव्यें प्रमाणाबाहेर झालीं कीं पाण्यांत विरघळून राहत नाहींत. तीं लापशीसारखीं होऊन रेडिएटरच्या तळाशीं बसतात. ग्लायकोलही निम्म्याहून जास्त करूं नये; वर सांगितल्याप्रमाणें त्याच्या प्रत्येक वाढीबरोबर उष्णता नेण्याची शक्ति उतरते. आपल्या हवेंत तीन भागांत एक भाग ग्लायकोल पुरेसें व्हावें असें आमचें मत आहे. परंतु कारखानदारानें स्वतः मिसळून तयार विकलेलें असेल, किंवा माहितीपुस्तकांत निम्मे प्रमाण सांगितलें असेल, तर आमच्या मताकडे लक्ष न देतां तेंच करावें. तयार मिसळलेल्या कूलंटांत पुन्हां पाणी घालण्याची चूक मात्र सर्रास होते. डबा विकत घेतांना तो तयार मिश्रणाचा कीं अर्काचा, एवढें वाचून घ्यावें.

घरगुती उपायांचा परामर्श थोडक्यांत घेतों. रेडिएटर ठिबकूं लागल्यास ट्रकवाले त्यांत हळद टाकतात. रस्त्यावर अडचणींत मुक्कामास पोंचण्यापुरती ती उपयोगी पडते हें खरें. पण जी हळद भोंक बुजविते ती भोंक व नळी यांतील भेद जाणत नाहीं, आणि हल्लींच्या रेडिएटरांच्या नळ्या चपट्या व अरुंद असतात. मुक्कामास पोंचल्यावर पाणी काढून रेडिएटर धुवावा व झाळावा. पूर्वीं पाण्यांत विरघळणारें तेल घालीत. त्यानें गंज राहतो, पण रबरी नळ्या फुगून मऊ पडतात. ताण कमी करणारें औषध आपणच करूं म्हणून कोणी कपडे धुण्याची पूड घालूं जाईल, त्यास निक्षून सांगतों कीं असें करूं नये. तिचा फेंस होतो, फेंसांत हवा असते, व पंप फेंस ढकलूं शकत नाहीं. धुण्याचा सोडा घालून क्षार काढण्याची जुनी रीत बिडाच्या हेडाची व पितळी रेडिएटरची होती. ॲल्युमिनियमचे भाग असलेल्या इंजिनांत सोडा त्या धातूसच खातो.

इंजिन तापतें म्हणून थर्मोस्टॅट काढून फेंकण्याची चाल तर इतकी पडली आहे कीं, कांहीं मिस्त्री न विचारतां तो काढतात. हा थर्मोस्टॅट पाणी ८० ते ८५ अंशांच्या सुमारास आल्यावर रेडिएटरकडील वाट उघडतो. त्याहून खालीं इंजिन चालविणें हितावह नसतें. डिझेल नीट जळत नाहीं, काजळी धरते, न जळलेलें इंधन भिंतीवरून तेलांत उतरतें व लायनर लवकर झिजतो. यावरून हेंही ध्यानांत येईल कीं, इंजिन निरोगी असतां कोणतेंही औषध कांटा थर्मोस्टॅटच्या अंकाखालीं नेऊं शकत नाहीं, आणि नेलें तर तें इष्ट नाहीं. थर्मोस्टॅटवर शंका असल्यास तो काढून दोऱ्यानें बांधून पातेल्यांत पाण्यासह तापवावा. पाणी उकळीस येण्यापूर्वीं तो उघडत नसेल, तर नवा घालावा. जागा रिकामी ठेवूं नये.

ज्यास बाटलीचा गुण पाहावयाचाच असेल त्यानें तो रीतसर पंचनामा करून पाहावा. अगोदर पत्रे झाडावेत, पंख्याचा पट्टा अंगठ्यानें दाबून अर्ध्या इंचाच्या आसपास दबतो इतका ताणावा, झांकणाची चकती पाहावी, पाण्याची पातळी भरावी. मग एकाच शेतांत, त्याच औताला, त्याच गिअरवर, दुपारच्या त्याच वेळीं तासभर काम करून कांटा कोठें स्थिर होतो तें व सावलींतील हवेची उष्णता, दोन्ही वहींत टिपावीं. असें तीन दिवस बाटलीपूर्वीं व तीन दिवस बाटलीनंतर करावें. हवा पांच अंशांनीं उतरली तर कांटाही तितकाच उतरतो, हें विसरूं नये. आमचा असा कयास आहे कीं, पुष्कळांस दुसऱ्या तीन दिवसांची गरजच पडणार नाहीं. पत्रे झाडून व पट्टा ताणूनच काम भागलेलें असेल. त्या उपरही कांटा चढत असेल, तर इंजिन निवलेलें असतां झांकण काढून मग तें चालू करावें व रेडिएटरच्या तोंडाशीं पाहावें. पाण्यांतून एकसारखे बुडबुडे येत असल्यास गॅस्केटांतून जळता वायु पाण्यांत शिरत आहे असें समजावें, आणि मिस्त्रीस बोलवावें. तेथें बाटलीचें काम नाहीं.

तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडूं नये, हें सर्वांस ठाऊक असतें. तरी तोंड व हात भाजलेलीं माणसें दर उन्हाळ्यांत दिसतात. झांकण ११० अंशांचें पाणी दाबून बसलेलें असतें; तें सोडतांच त्या पाण्याची एकदम वाफ होऊन तें उसळतें. इंजिन थोडा वेळ मंद चालवून मग बंद करावें, आणि झांकणास उघडा हात सहज लावतां येईपर्यंत थांबावें. तापलेल्या बिडावर एकदम थंड पाणी ओतल्यास हेडास चीर जाते.

शेवटीं विषाविषयीं लिहितों, व तें प्रत्येकानें घरांत वाचून दाखवावें. एथिलीन ग्लायकोल चवीस गोड आहे. त्याचा रंग सरबतासारखा असतो. मोठ्या माणसाच्या जिवास शंभर मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या पेल्याइतकें, ग्लायकोल पुरे होतें. लहान मुलास त्याहून पुष्कळ कमी. प्यालेला मनुष्य प्रथम दारू चढल्यासारखा वागतो, मग बरा झाल्यासारखा वाटतो, व पुढें त्याच्या मूत्रपिंडांत खडे धरून लघवी बंद होते. कोणी तें प्यालें असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहतां डब्यासह मोठ्या रुग्णालयांत न्यावें. वेळेवर गेल्यास उतारा आहे. उरलेलें कूलंट थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांत भरून कोनाड्यांत ठेवण्याची संवय पुष्कळ घरांत आहे, ती आजच बंद करावी. तें मूळच्या डब्यांतच, कीटकनाशकांच्या कुलुपबंद पेटींत असावें.

कुत्रीं या गोडीस विशेष भुलतात. आमच्या वस्तीवर एका शेजाऱ्यानें गोठ्याशेजारीं रेडिएटर रिकामा केला, आणि त्याचा राखणीचा कुत्रा तिसऱ्या दिवशीं मेला. त्याच डबक्याकडे त्याचें वासरूं जात असतां घरच्या मुलीनें पाहिलें म्हणून वांचलें. रेडिएटर रिकामा करावयाचा तो घमेल्यांत करावा, जमिनीवर नव्हे. तें पाणी दव्हाणीच्या, विहिरीच्या किंवा पाटाच्या आसपास ओतूं नये. तें झांकणाच्या डब्यांत भरून, त्यावर विष असें मोठ्या अक्षरांत लिहून, जुनें तेल जमा करणाऱ्या वर्कशॉपांत द्यावें. आणि सांडलेल्या जागेवर माती वा लांकडाचा भुसा टाकून ती माती खरवडून काढल्यावरच जनावरें तिकडे सोडावींत.